प्रमाणपत्राआधी काम पाहा: बेळगाव सीमाभागातील लहान उद्योजकांसाठी भरतीचे मार्गदर्शन

उद्यमबाग, मच्छे, काकती किंवा होनगा येथील एखाद्या लहान कारखान्याच्या फाटकावरची पाटी वाचली, तर तिच्यावर बहुधा एवढेच लिहिलेले असते: ‘सीएनसी ऑपरेटर पाहिजे. शिक्षण आयटीआय अथवा डिप्लोमा. अनुभव दोन वर्षे.’ सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या यंत्रावर, येणाऱ्या माणसाने दिवसभर कोणते काम करायचे, ते किती मापाच्या आत बसवायचे आणि कुठवर स्वतः निर्णय घ्यायचा, याबद्दल त्या पाटीवर एक शब्दही नसतो. परिणामी, खानापूर तालुक्यातील ज्या मुलाने दहावीनंतर शाळा सोडून चुलत्याच्या लेथवर सात-आठ वर्षे काम केले आहे, तो ही पाटी वाचून पुढे निघून जातो. आणि ज्याच्याजवळ प्रमाणपत्र आहे, पण ज्याने मायक्रोमीटर (बारीक माप घेण्याचे साधन) केवळ परीक्षेपुरता हाताळला आहे, तो आत येतो. मालकाला माणूस मिळत नाही आणि माणसाला काम मिळत नाही, अशी तक्रार आपल्या भागात दोन्ही बाजूंनी ऐकू येते, आणि माझ्या मते तिचे एक मोठे कारण भरतीच्या या पद्धतीत आहे.

हे मार्गदर्शन पहिल्यांदाच माणसे नेमणाऱ्यांसाठी आहे. ज्यांच्याकडे मनुष्यबळ विभाग नाही, मालक स्वतःच मुलाखत घेतो आणि एक चुकीची नेमणूक झाली तर तीन महिन्यांचे गणित बिघडते, अशा मशिन शॉप, फाउंड्री, यंत्रमाग आणि दुकानांच्या मालकांना ते उपयोगी पडावे.

आधी पुरावा काय सांगतो ते पाहू. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये सुमारे ८५ वर्षांच्या संशोधनाचा एकत्रित आढावा घेऊन, निवडीच्या १९ पद्धती पुढे कामावर कितपत खऱ्या ठरतात हे तपासले. काहीच संबंध नाही म्हणजे ० आणि पूर्ण संबंध म्हणजे १, असे धरल्यास प्रत्यक्ष कामाच्या नमुन्याला ०.५४ मिळाले, तर शिक्षणाच्या वर्षांना केवळ ०.१०. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये हीच आकडेमोड अधिक कडक निकषांवर पुन्हा केली, तेव्हा बहुतेक आकडे खाली आले. कामाचा नमुना ०.३३ वर आला आणि सर्वांना सारखेच प्रश्न विचारून घेतलेली आखीव मुलाखत ०.४२ सह सर्वांत वर राहिली. अनुभवाची नुसती वर्षे ०.०७ पर्यंत घसरली आणि गप्पांच्या ओघात घेतलेली मुलाखत ०.१९ वर थांबली. आपल्याकडील बहुतेक निवडी मात्र शिक्षण, अनुभवाची वर्षे आणि गप्पा या तिन्हींवरच होतात.

पहिली पायरी: कामाचा कागद लिहा

जाहिरात लिहिण्यापूर्वी एका कागदावर त्या जागेचे काम लिहून काढावे. ‘मशिन चालवणे’ असे लिहून भागत नाही. रोज कोणता जॉब (यंत्रावर घडवायचा भाग) लागतो, धातू कोणता आहे, ड्रॉइंगवर सर्वांत घट्ट टॉलरन्स (मापात चालणारी सूट) किती आहे, माप माणूस स्वतः घेतो की तपासनीस घेतो, टूल झिजल्यावर ऑफसेट (मशिनमध्ये भरलेली मापाची दुरुस्ती) कोण बदलतो, नवीन सेटिंग कोण लावतो, हे सगळे त्यात यावे. हा कागद मालकाने एकट्याने लिहू नये. त्या मशिनवर सध्या उभा असलेला माणूस आणि त्याचा फोरमन यांना सोबत बसवावे, कारण त्या कामात कुठे चुका होतात हे त्यांनाच ठाऊक असते.

लिहून झाल्यावर प्रत्येक गोष्टीपुढे खूण करावी: ही पहिल्याच दिवशी यायलाच हवी, की एका महिन्यात शिकवता येईल? माझा अनुभव असा आहे की पहिल्या यादीत पाच-सहाच गोष्टी उरतात. निवड त्यांच्यावरच करायची. उरलेल्या सगळ्या शिकवण्याच्या यादीत जातात आणि त्या येत नाहीत म्हणून कोणालाही परत पाठवायचे नाही.

दुसरी पायरी: कायद्याने लागणारा कागद आणि सवयीने मागितलेला कागद वेगळे करा

काही जागांसाठी प्रमाणपत्राला पर्याय नाही आणि तिथे कौशल्याच्या नावाखाली सूट देणे धोक्याचे ठरते. विजेच्या वायरिंगचे काम करणाऱ्याकडे परवाना लागतो. बॉयलरवर उभ्या राहणाऱ्याकडे त्याचे प्रमाणपत्र लागते. औषध दुकानात नोंदणीकृत फार्मासिस्टच हवा आणि मालवाहू गाडीवर त्या वर्गाचा चालक परवाना असलेलाच चालक हवा. असे कागद जाहिरातीत स्पष्ट मागावेत.

उरलेल्या प्रत्येक पात्रतेबाबत स्वतःला एकच प्रश्न विचारावा: हा कागद नसलेला माणूस माझ्या यादीतील पाच गोष्टींपैकी नेमकी कोणती करू शकणार नाही? उत्तर देता आले नाही, तर ती ओळ खोडावी. हिशेबनिसासाठी बी.कॉम. आणि स्टोअरकीपरसाठी कोणतीही पदवी, या अटी बहुतेक वेळा या प्रश्नापुढे टिकत नाहीत.

मात्र ओळ खोडल्याने काम संपत नाही. अमेरिकेत अनेक कंपन्यांनी जाहिरातींतून पदवीची अट काढल्यावर हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि बर्निंग ग्लास इन्स्टिट्यूट यांनी २०२४ मध्ये त्याचा परिणाम तपासला, तेव्हा ७०० नेमणुकांपैकी एकीवरही त्याचा खरा परिणाम झालेला दिसला नाही. अट गेली, पण निवडणाऱ्याची नजर बायोडेटावरील कॉलेजच्या नावावरच राहिली. म्हणून यापुढच्या पायऱ्या अधिक महत्त्वाच्या आहेत.

सीमाभागातील एक बारकावा इथेच नोंदवतो. चंदगड, गडहिंग्लज, आजरा या बाजूंनी येणाऱ्या उमेदवाराकडे महाराष्ट्र बोर्डाची दहावी-बारावी असते, तर आपल्या जिल्ह्यातील मुलाकडे एसएसएलसी आणि पीयूसी. कागदावरची नावे निराळी असली तरी शिक्षणाची पातळी तीच असते. ‘एसएसएलसी आवश्यक’ अशी पाटी लावली, तर चंदगडचा मुलगा आपण बसत नाही असे समजून मागे फिरतो. दहावीची अट खरोखर हवीच असेल, तर ‘कोणत्याही राज्याची’ हे दोन शब्द जोडावेत.

तिसरी पायरी: जाहिरातीत काम सांगा आणि ती नेहमीच्या वर्तुळाबाहेर न्या

नवी जाहिरात अशी असू शकते: ‘सीएनसी टर्निंगचे काम. दोन शतांश मिलिमीटरच्या आत माप बसवता यावे, ड्रॉइंग वाचता यावे, ऑफसेट बदलता यावा. शिक्षणाची अट नाही. निवड प्रत्यक्ष काम पाहून होईल. चाचणीच्या वेळेचे पैसे दिले जातील.’ पगाराचा आकडाही लिहावा. तो न लिहिल्यामुळे कुशल कामगार येत नाहीत, कारण हातचे काम एक दिवस सोडून येणे त्यांना परवडत नाही.

जाहिरात मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत असावी. पश्चिमेकडून मराठी माध्यमात शिकलेली मुले येतात, बैलहोंगल-सौंदत्तीकडून कन्नड माध्यमात शिकलेली येतात, आणि मशिनवर दोघांची लायकी सारखीच मोजली गेली पाहिजे. स्थानिक दैनिकांतील छोट्या जाहिराती, सरकारी आणि खासगी आयटीआयचे सूचनाफलक, बेळगावातील सरकारी टूल रूम आणि प्रशिक्षण केंद्र, केंद्र सरकारचे नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टल या नेहमीच्या जागा आहेतच. पण ज्यांच्याकडे कागद नाही, ते तिथे सापडत नाहीत. त्यांच्यासाठी टूल विकणारी आणि ग्राइंडिंग करून देणारी दुकाने, निवृत्त फोरमन, जॉबवर्क करणारे छोटे शेड आणि मशिन दुरुस्तीला फिरणारे मेकॅनिक यांना सांगून ठेवावे. कोणाचा हात चांगला आहे हे या मंडळींना पक्के माहीत असते.

ओळखीने माणूस घेणे ही आपल्याकडची सर्वांत जुनी पद्धत आहे आणि ती टाकाऊ नाही. तिचा दोष असा की, एकाच गावची, एकाच भावकीची माणसे पुन्हापुन्हा येत राहतात आणि बाहेरच्याला फटच मिळत नाही. ओळखीने आलेल्यालाही तीच चाचणी द्यावी. शहापूर, वडगाव, खासबाग येथील यंत्रमागांवर घरच्या घरी कांडी भरण्यापासून मागावर उभे राहण्यापर्यंत सगळे शिकलेल्या स्त्रिया आहेत, निपाणीकडे शिवणकामात तरबेज झालेल्या आहेत. त्यांच्या कामाची कुठेच नोंद नसते, आणि जाहिरातीत ‘स्त्रियांनीही यावे’ असे लिहिल्याशिवाय त्या येत नाहीत.

चौथी पायरी: कामाचा नमुना घ्या

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि तिच्यावर वेळ घालवण्यास कचरू नये. चाचणी तुमच्याच कामातून काढलेली, लहान आणि सर्वांना सारखी असावी. तीन धंद्यांतील तीन नमुने देतो.

सीएनसी ऑपरेटरसाठी: टेबलावर एक ड्रॉइंग, तयार झालेले पाच शाफ्ट, एक व्हर्निअर आणि एक मायक्रोमीटर ठेवावा. व्यास २५ मिलिमीटर आणि सूट फक्त खालच्या बाजूला ०.०२. पाचांपैकी दोन शाफ्ट मापाबाहेरचे असावेत. ‘कोणते चालतील ते सांग’ एवढेच सांगावे आणि गप्प राहावे. पहिली परीक्षा तो कोणते साधन उचलतो यातच होते, कारण ०.०२ पर्यंतच वाचणाऱ्या व्हर्निअरने ०.०२ ची सूट तपासता येत नाही, ०.०१ वाचणारा मायक्रोमीटरच घ्यावा लागतो. नंतर विचारावे, ‘हा जॉब २५.०४ आला आहे, आता ऑफसेटमध्ये काय टाकशील?’ व्यासावर प्रोग्राम केलेल्या मशिनवर एक्स अक्षाच्या ऑफसेटमधून ०.०४ वजा केले की व्यास २५.०० वर येतो; पण जाणकार माणूस त्याहून थोडे अधिक काढून माप सुटीच्या मध्यावर, २४.९९ च्या आसपास, ठेवायला सांगतो आणि त्याचे कारणही देतो. हे उत्तर कोणत्याही प्रमाणपत्रावर छापलेले नसते. यानंतरच, फोरमन शेजारी उभा असताना, मशिनवर एक साधा जॉब करून घ्यावा.

फाउंड्रीतील मोल्डरसाठी: वितळलेल्या धातूजवळ अनोळखी माणसाला चाचणीसाठी कधीही उभे करू नये. पॅटर्न आणि पेटी देऊन त्याला साचा भरायला सांगावे. तो रेती मुठीत दाबून ओलावा पाहतो का, कडा आणि कोपरे आधी नीट ठोकतो का, हवा बाहेर जायला व्हेंट करतो का, पॅटर्न काढताना साच्याचा कोपरा तुटला तर काय करतो, हे पाहावे. दुसरी चाचणी जवळजवळ फुकट आहे. भंगारात जाणारी चार सदोष कास्टिंग एका खोक्यात जपून ठेवावीत आणि प्रत्येकाचे काय बिघडले हे उमेदवाराला विचारावे. ब्लो होल (हवेने पडलेली पोकळी) पाहून ‘रेतीत पाणी जास्त झाले’, ‘हवेला वाट नव्हती’ किंवा ‘कोअर (साच्यातील रेतीचा गाभा) नीट भाजला नव्हता’ अशी शक्यता मांडणारा, जाड भागातील पोकळी पाहून रायझरचा (आकसणाऱ्या धातूला जादा धातू पुरवणाऱ्या साठ्याचा) प्रश्न विचारणारा आणि कोल्ड शट (धातू नीट न जुळल्याची रेघ) पाहून ओतताना धातू थंड होता का असे विचारणारा माणूस तुमच्या भट्टीला उपयोगी आहे, मग त्याची शाळा सातवीत सुटलेली का असेना.

हिशेबनिसासाठी: सीमाभागातील दुकानाला आणि कारखान्याला दोन राज्यांशी व्यवहार करावा लागतो, म्हणून चाचणी त्यातूनच काढावी. दहा कोरी बिले द्यावीत. हुबळीच्या ग्राहकाला विकलेल्या मालावर सीजीएसटी आणि एसजीएसटी (राज्याच्या आतल्या विक्रीवरील केंद्राचा आणि राज्याचा कर), तर कोल्हापूरच्या ग्राहकावर आयजीएसटी (दोन राज्यांमधील विक्रीवरील कर), हे अनेकांना येते. शिनोळी काही किलोमीटरवर असली तरी चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात आहे, म्हणून तिथे आयजीएसटीच लागतो, हे लक्षात राहते का ते पाहावे. त्यांत एक अवघड बिलही असावे: माल मागवणारा कोल्हापूरचा आहे, पण त्याच्या सांगण्यावरून माल थेट हुबळीला उतरवायचा आहे. माल मागवणाऱ्याचे मुख्य व्यवसायस्थान महाराष्ट्रात असल्यामुळे इथेही आयजीएसटीच येतो. शिवाय ५० हजार रुपयांहून अधिक किमतीच्या मालासाठी ई-वे बिल (माल वाहतुकीची ऑनलाइन नोंद) लागते, याची आठवण त्याने न विचारता करून दिली, तर त्याला वेगळे गुण द्यावेत.

चाचणीचे काही नियम आधीच ठरवावेत. ती दोन तासांपेक्षा लांबू नये. त्या वेळेचे पैसे द्यावेत, आणि चाचणीत तयार झालेला जॉब ग्राहकाला विकू नये. उमेदवारांकडून फुकट उत्पादन काढून घेणे हा अन्याय आहे आणि त्याची वार्ता औद्योगिक वसाहतीत लगेच पसरते. सूचना उमेदवाराला समजेल त्या भाषेत तोंडी सांगाव्यात, कारण आपल्याला त्याचे इंग्रजी तपासायचे नाही. जागेला कन्नड किंवा इंग्रजी खरोखर लागत असेल, उदाहरणार्थ सरकारी कार्यालयांशी पत्रव्यवहार असेल, तर भाषेची चाचणी वेगळी घ्यावी आणि तिचे गुण वेगळे ठेवावेत. झालेल्या जॉबवर नावाऐवजी अ, ब, क अशी खूण करून तो मोजणाऱ्याकडे द्यावा. आडनावावरून गाव आणि जात ओळखण्याची सवय आपल्यात खोल गेलेली आहे, आणि तिला मापाच्या टेबलापासून दूर ठेवण्याचा याहून सोपा उपाय मला माहीत नाही.

गुण देण्याची पट्टी मात्र पहिला उमेदवार येण्याआधी लिहून झालेली असावी. चार पातळ्या पुरतात, पण प्रत्येक पातळीपुढे काय दिसले पाहिजे ते शब्दांत हवे. मापनासाठी, उदाहरणार्थ: चुकीचे साधन उचलले आणि माप चुकले: १; साधन योग्य पण एक सदोष जॉब सुटला: २; पाचही बरोबर ओळखले: ३; पाचही ओळखले आणि सदोष जॉबचे संभाव्य कारणही सांगितले: ४. दोघांनी स्वतंत्रपणे गुण लिहावेत आणि लिहून झाल्यावरच एकमेकांशी बोलावे, नाहीतर मालकाच्या चेहऱ्याकडे पाहून फोरमनचे गुण बदलतात.

पाचवी पायरी: मुलाखत थोडी, पण आखीव

चाचणीनंतर अर्धा तास पुरतो. पाच प्रश्न लिहून ठेवावेत आणि ते सर्वांना त्याच क्रमाने विचारावेत. ‘तुझ्यात कोणते गुण आहेत?’ यासारख्या प्रश्नांना पाठ केलेली उत्तरे येतात. घडलेली गोष्ट विचारावी: मागच्या ठिकाणी लॉट रिजेक्ट झाला होता का, तेव्हा तुम्ही स्वतः काय केले? मशिनचा आवाज बदलल्याचे लक्षात आले, तेव्हा कोणाला सांगितले? वरिष्ठाने चुकीचे माप सांगितले असे वाटले, तेव्हा काय केले? उत्तर मोघम आले तर ‘मग पुढे काय झाले?’ असे विचारत राहावे. काम खरोखर केलेल्या माणसाकडे तपशील असतो. वडील काय करतात, लग्न झाले का, मूळ गाव कोणते, हे प्रश्न पूर्ण वगळावेत. कामाशी त्यांचा संबंध नाही.

मागच्या फोरमनला फोन करायचा असेल, तर उमेदवाराला विचारून करावा. ‘माणूस कसा आहे?’ असे न विचारता, तो कोणत्या मशिनवर होता, सेटिंग स्वतः लावत होता का आणि पुन्हा संधी आली तर त्याला घ्याल का, एवढे तीनच प्रश्न विचारावेत.

सहावी पायरी: नेमणूक, वेतन आणि शिकवण्याची यादी

नेमणूकपत्र पहिल्याच दिवशी द्यावे. कर्नाटकातील किमान वेतनात अकुशल, अर्धकुशल, कुशल आणि अतिकुशल असे वर्ग आहेत. कुशल कामगाराचे काम करणाऱ्याला, प्रमाणपत्र नाही म्हणून हेल्परच्या दराने ठेवणे हे या सगळ्या पद्धतीच्या मुळावरच येणारे आहे. प्रमाणपत्राची अट काढून वेतनात बचत करण्याच्या विचाराने कोणी हा मार्ग धरणार असेल, तर त्याने तो धरू नये. त्याच कामाला स्त्री आणि पुरुष यांना समान वेतन द्यावे. दहा किंवा अधिक कामगार झाले की ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) आणि वीस झाले की भविष्यनिर्वाह निधीची जबाबदारी येते, हेही खर्चात आधीच धरावे.

पहिल्या पायरीतील शिकवण्याची यादी आता बाहेर काढावी आणि पहिल्या तीन महिन्यांत कोण, काय, कधी शिकवणार हे तिच्यापुढे लिहावे. शिकवणाऱ्या जुन्या कामगाराला त्याचा मोबदला द्यावा. नाहीतर तो हातचे राखून शिकवतो आणि त्यात त्याचा दोष नसतो.

पूर्ण तयार माणूस मिळत नसेल, तर शिकाऊ उमेदवार घेता येतो. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला एकूण संख्येच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. ४ ते २९ माणसे असलेल्यांना ते ऐच्छिक आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत पाठ्यवेतनाचा २५ टक्के भाग, महिन्याला कमाल १५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार उचलते. लहान कारखान्यांनी ही ऐच्छिक तरतूद अवश्य वापरावी, कारण वर्षभर डोळ्यांसमोर झालेल्या कामाइतकी खात्रीची चाचणी दुसरी नाही.

सातवी पायरी: कागद नसलेल्याला कागद मिळवून द्या

तुमच्याकडे काम पाहून निवड झाली, तरी या माणसाला उद्या बँकेत, दुसऱ्या गावी किंवा परदेशी कंपनीत कागद विचारला जाणारच. पूर्वी मिळवलेल्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत ‘आरपीएल’ या नावाने आहे. तिची माहिती कामगाराला द्यावी आणि परीक्षेच्या दिवसाची भरपगारी सुट्टी द्यावी. प्रमाणपत्र मिळाले की माणूस सोडून जाईल, अशी भीती अनेक मालक बोलून दाखवतात. ती समजण्यासारखी आहे, पण कागद अडवून ठेवलेला माणूसही जातोच, आणि जाताना इतरांना सांगून जातो.

आरपीएल जमले नाही, तर निदान अनुभवपत्र नीट लिहावे. ‘यांनी आमच्याकडे समाधानकारक काम केले’ या वाक्यातून पुढच्या मालकाला काहीही कळत नाही. कोणत्या मशिनवर किती काळ काम केले, कोणता धातू हाताळला, किती टॉलरन्सचे जॉब स्वतः मोजून दिले, सेटिंग आणि ऑफसेट स्वतः करत होते का, कोणाला शिकवले, हे त्यात तारखांसह असावे आणि खाली फोरमनची सही व दूरध्वनी क्रमांक असावा. पत्र मराठी किंवा कन्नडमध्ये लिहून सोबत इंग्रजी प्रत जोडावी, म्हणजे ते कोल्हापूर, हुबळी आणि पुणे या तिन्ही ठिकाणी चालते. पहिल्या पायरीतील कामाचा कागद तुम्ही नीट लिहिलेला असेल, तर या पत्राचा मजकूर तुमच्याकडे तयारच असतो. त्यातील जी कामे त्या माणसाने खरोखर केली, तेवढीच उतरवून घ्यायची असतात.